फोनवरच्या चोराचा चेहरा

काकांचा चेहरा मी काकांना भेटायच्या आधी पाहिला होता, तोही ऑफिसात, स्क्रीनवर.

मी ज्या छोट्या स्टुडिओत काम करते तिथे आम्ही चित्रांतून गोष्टी सांगतो. कलात्मक वगैरे काही नाही हं. साखर कमी खा, लस घ्या, पासवर्ड कुणाला सांगू नका, असल्या गोष्टी. हॉस्पिटलं, बँका, विमा कंपन्या आमच्याकडे येतात आणि आम्ही त्यांना छोटे छोटे व्हिडिओ आणि पत्रकं करून देतो. कुठल्या फ्रेममध्ये कोण उभं राहील, काय घालेल, हसेल की घाबरेल, हे आधी कागदावर काढणं माझं काम. नवीनच लागले होते तेव्हा एका पत्रकासाठी विकतचे फोटो शोधत होते. वेबसाइटवर टाइप केलं: वयस्कर, भारतीय, लॅपटॉप. पहिलाच फोटो आला तो यांचा. तपकिरी स्वेटर, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, कपाळभर आठ्या आणि एक बोट कीबोर्डच्या वर अधांतरी; शेजारी त्यांना काहीतरी समजावणारी एक सोनेरी केसांची मुलगी. खाली लिहिलेलं, 'गोंधळलेले भारतीय आजोबा'.

मला इतकी दया आली! मनात म्हटलं, यांना कुणी शिकवणारं नाही का घरात?

पुढे इथेच अमेरिकेत, जर्सीतल्या एडिसनमध्ये ओक ट्री रोडच्या जवळ, वरच्या मजल्यावरची एक खोली भाड्याने आहे असं कळलं म्हणून बघायला गेले. बेल वाजवली, दार उघडलं आणि समोर तेच कपाळ. स्वेटरसुद्धा तोच! मी आ वासून बघत राहिले.

'ओळखलंत वाटतं,' ते म्हणाले. 'डायबेटिस, की लॅपटॉप?'

'लॅपटॉप,' मी म्हटलं.

'या, या. लॅपटॉपवाले बरे असतात. डायबेटिसवाले आल्या आल्या शुगर किती ते विचारतात.'

मी कुठली, काय करते हे विचारून झालं. नागपूरची म्हटल्यावर त्यांनी माझं नावच 'नागपूर' ठेवून टाकलं. खरं नाव त्यांनी नंतर कधी वापरल्याचं मला आठवत नाही. 'काय नागपूर, जेवलीस का?' 'नागपूर, तुझी गाडी मागे घे गं जरा.' ते स्वतः नाशिकचे. पण मी त्यांना नाशिक कसं म्हणणार? मी काकाच म्हणायचे.

त्या लॅपटॉपच्या फोटोची गोष्ट त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितली, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत. काका केमिकल इंजिनीयर. जर्सीतल्या एका कारखान्याची अख्खी कंट्रोल सिस्टिम त्यांनी बसवलेली. रिटायर झाल्यावर एका लायब्ररीत म्हाताऱ्या लोकांना फुकट कॉम्प्युटर शिकवायला जायचे. एक दिवस त्या वर्गाचे फोटो काढायला कुणी फोटोग्राफर आला. त्याने खोलीभर नजर फिरवली आणि पुस्तकं परत करायला आलेल्या एका सोनेरी केसांच्या मुलीला बोलावून शिक्षकाच्या जागी उभं केलं. काकांना बसवलं विद्यार्थ्यांत.

'अहो, पण शिकवत तर तुम्ही होता नं?' मी म्हटलं.

'हो.'

'मग तुम्ही बोलला काहून नाही?'

'काय बोलू? तो म्हणाला, जरा गोंधळल्यासारखं करा. मी केलं. पोरीला साधा प्रिंटर जोडता येत नव्हता, पण फोटोत बघ कशी शिकवतेय मला! अगं, मलाच वाटतं की हिच्याकडून शिकावं.'

मला काही हसू आलं नाही. मला असला राग आला की हातातला चहा तसाच राहिला. पण ज्याच्यावर अन्याय झाला तो माणूस समोर बसून खो खो हसतोय म्हटल्यावर रागाने जायचं कुठे? काकांच्या बाबतीत माझं हे नेहमीच असं व्हायचं.

त्या फोटोग्राफरनेच त्यांना एका एजन्सीचा नंबर दिला. काकू जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं, मुलगा तिकडे सिॲटलला. घर खायला उठायचं. 'तिथे गेलं की निदान कुणीतरी सांगतं, इकडे बघा, तिकडे बघा,' ते म्हणायचे. जाहिरातींत, पत्रकांत, बसस्टॉपवरच्या पोस्टरांत जिथे म्हणून एक इंडियन म्हातारा लागायचा, तिथे काका जाऊ लागले. गाडीच्या डिकीत एक सुटकेस कायमची. तीत मफलर, कानटोपी, झब्बा, बंडी, खिशाला पेन अडकवलेला शर्ट, दोरीवाला चष्मा. काकांना स्वतःला चष्मा नव्हताच, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं; लॅपटॉपच्या फोटोतला चष्मासुद्धा वर्गातल्या कुणाचा तरी मागून घातलेला. फोन आला की ते एवढंच विचारायचे, 'आजोबा, डॉक्टर, दुकानदार, की मोटेलवाला?' आणि त्याप्रमाणे सुटकेस लावायला घ्यायचे.

बोलण्याचं तर विचारूच नका. काकांचं इंग्रजी पक्कं जर्सीचं. कॉफीला 'क्वॉफी' म्हणायचे. टोलनाक्यावर कुणी आडवं आलं तर अशा काही शिव्या हासडायचे की मी खिडकीबाहेर बघायचे. पण शूटिंगला गेले की विचारायचे, 'ॲक्सेंट किती घालू? माइल्ड, मीडियम, की हॉट?' हॉटेलात तिखटाचं विचारतात तसं. एकदा मी सोबत होते तेव्हा डायरेक्टर बिचारा चाचरत म्हणाला, 'तुमचा जो काही आहे तो... ऑथेंटिक.' काका म्हणाले, 'माझा ऑथेंटिक तुम्हाला चालणार नाही. हॉट देतो.'

मान हलवायचे पैसे मिळतात म्हणून यांनी मान हलवायची का, यावरून आमचं कडाक्याचं वाजलं होतं. कुठल्याशा मसाल्याची जाहिरात होती आणि त्यात सूनबाईच्या हातचा घास खाऊन यांनी डोकं डावीकडे उजवीकडे डोलवायचं होतं. 'अहो, आपण असं करतो का कधी?' मी म्हटलं. काका म्हणाले, 'तू आत्ता करते आहेस.' मी मान तिथल्या तिथे थांबवली. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही, आणि ते दोन दिवस माझ्याच मानेवर पहारा ठेवण्यात गेले.

बरं, या माणसाला काहीच तत्त्व नव्हतं म्हणावं, तर तसंही नाही. एकदा किराणा दुकानदार व्हायला गेले. स्टुडिओत दुकान उभं केलेलं, रॅकवर डबे, बरण्या, सगळं झकास. काकांनी आत पाऊल टाकलं आणि काम थांबवलं. का, तर गणपती खाली जमिनीवर, फरशी पुसायच्या मॉपशेजारी ठेवला होता आणि राजम्याच्या बरणीवर तूरडाळ लिहिलं होतं. ते म्हणाले, कुठलाही दुकानदार असलं दुकान लावणार नाही, मी उभा राहत नाही. सगळी मंडळी खोळंबली. शेवटी काकांनी स्वतः गणपती वर ठेवला, बरण्यांवरची नावं बदलली, उदबत्तीसुद्धा आणायला लावली. आणि मग तोंडभर हसून हॉट ॲक्सेंटमध्ये 'थँक यू, कम अगेन' केलं. मी विचारलं, 'काका, तुम्हाला तूरडाळीचं वाईट वाटतं, स्वतःचं नाही वाटत?' तर म्हणाले, 'मी खोटा आहे हे सगळ्यांना माहीत असतं गं. दुकान खोटं असून कसं चालेल?' याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. आजही लागतो की नाही, नक्की सांगता येत नाही.

संध्याकाळी जेवताना ते टीव्ही लावायचे तो आवाज बंद करून. कुठलीही मालिका असो, कुठलाही सिनेमा असो. पात्र पडद्यावर आलं रे आलं की बोट रोखायचे. 'हा वाईट. दाढी बघ, कॅमेरा खालून आहे. ही मरणार, फार गोड हसली. हा आपला इंडियन, हा फक्त कॉम्प्युटर उघडून देणार आणि जाणार.' शंभर टक्के बरोबर यायचं. मी म्हणायचे, 'बघा, हेच तर बदलायचं आहे आम्हाला.' ते म्हणायचे, 'बदला की. पण मग आवाज सुरू करून बघावा लागेल.' आणि भातावर तूप वाढून घ्यायचे.

आता रोझबद्दल सांगायला हवं. रोझ म्हणजे शेजारच्या घरातली म्हातारी. शाळेच्या कँटीनमधून रिटायर झालेली, नवरा केव्हाच गेलेला, एक मुलगी तासाभराच्या अंतरावर. ती काकांना 'डॉक' म्हणायची. कारण काका-काकू इथे राहायला आले तेव्हा इंडियन आहेत म्हणजे डॉक्टर असणारच, असं धरून ती सुजलेलं बोट दाखवायला आली होती. काका म्हणाले, बर्फ लावा. बोट बरं झालं. तेव्हापासून डॉक. काकांनी कधी दुरुस्त केलं नाही. काकू शेवटी आजारी होत्या तेव्हा ही बाई रोज सूप घेऊन यायची, काकूंच्या केसांना तेल लावायची. तेल कसं लावतात ते काकूंनीच शिकवलेलं. काका एरवी कुणाबद्दल हळवं बोलायचे नाहीत, रोझबद्दल मात्र बोलायचे.

दर शनिवारी सकाळी काका रोझकडे कॉम्प्युटरसाठी जायचे. तिचा प्रिंटर अडकलेला असायचा, ईमेलचा पासवर्ड हरवलेला असायचा, नातवाचे फोटो उघडत नसायचे. काका शेजारी खुर्ची घेऊन बसायचे आणि तिच्याच हाताने सगळं करून घ्यायचे. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असल्या की मला वर ऐकू यायचं. 'टेक युअर टाइम, डियर. नो रश. आय ॲम राइट हिअर.' न चिडता, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा. माझा बाप मला गणित शिकवताना असा बोलला असता तर मी कुठल्या कुठे पोचले असते.

आणि मग आमच्या स्टुडिओकडे एका बँकेचं काम आलं.

म्हाताऱ्या माणसांना फोन येतात, तुमचा कॉम्प्युटर बिघडलाय, तुमचं अकाउंट अडकलंय, मी सांगतो तसं करा. करतात बिचारे, आणि आयुष्यभराची पुंजी जाते. हा फोन ओळखायचा कसा, यावर व्हिडिओ हवा होता. बँकेची माणसं म्हणाली, ज्यांना फोन आले ते सांगतात की समोरचा इंडियन वाटत होता. तर चोर इंडियन दाखवा.

मी मीटिंगमध्येच नाही म्हटलं. माझा व्हिसा या स्टुडिओच्या हातात, तरी म्हटलं. फक्त फोन दाखवू, हात दाखवू, सावली दाखवू. माझा बॉस ब्रायन तसा भला माणूस, अडचणीत आला की त्याचे कान लाल होतात. तो म्हणाला, 'गोरा घेतला तर बघणारे म्हणतील, आम्हाला आलेला फोन असा नव्हता. इंडियन घेतला तर मी रेसिस्ट. सावली घेतली तर बँक म्हणते, सावलीला कोण घाबरतं? तू सांग मी काय करू.'

मला सांगता येईना. कारण फोन तसेच येतात, हे खोटं थोडंच आहे? मला स्वतःला आलेत. एकदा मी त्या पोराला अस्सल नागपुरीत झापलं तर तो पलीकडून म्हणाला, 'सॉरी दीदी, टार्गेट असतं हो.' आता याला चोर म्हणायचं की काय म्हणायचं? पण हा एक पोरगा, आणि पडद्यावर आला की आम्ही सगळे. रेल्वेत शेजारी बसणारी बाई उद्या माझ्याकडे कशी बघेल? ब्रायनला हा प्रश्न पडत नव्हता, पडायचं कारणही नव्हतं.

रागाच्या भरात हे सगळं मी जेवताना काकांना सांगितलं. त्यांनी चमचा खाली ठेवला.

'मी करतो,' ते म्हणाले.

'काय करता?'

'चोर.'

'काका, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?'

'ऐक. तू कितीही बोंबललीस तरी ते इंडियन घेणार. कुणाला घेतील? एखाद्या तरण्याताठ्या मुलाला. त्याचा चेहरा चोर म्हणून गावभर लागेल. त्याला नोकरी शोधायची, लग्न करायचं. माझं काय व्हायचंय आता? आणि...' इथे ते जरा लाजले. खरंच लाजले. 'आणि मला आजवर बोलायला कुठे मिळालंय? थँक यू, कम अगेन. यात दोन मिनिटं संवाद आहेत म्हणतेस.'

मी पुष्कळ भांडले. समाजाचं काय, आपल्या लोकांचं काय, उद्याची मुलं काय म्हणतील, सगळं काढलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, 'ब्रायनचा नंबर दे.' आणि मी दिला नाही म्हणून त्यांनी एजन्सीकडून घेतला.

शूटिंगच्या दिवशी डायरेक्टरने खोली अंधारी केली होती. खालून लाल दिवा, मागे कोळिष्टकं लोंबतील की काय अशी कळा. त्याला ओरडणारा, दात खाणारा चोर हवा होता. काकांनी आत येऊन एकदा दिव्याकडे बघितलं आणि म्हणाले, 'ओरडणाऱ्या माणसाला कुणी पैसे देतं का? पैसे देतात मदत करणाऱ्याला.' मग सुटकेस न उघडता, तोच तपकिरी स्वेटर घालून, साध्या उजेडात ते खुर्चीत बसले. ॲक्सेंट किती घालू हेही विचारलं नाही. फोन कानाला लावला आणि स्वतःच्या आवाजात सुरू झाले. 'डोंट वरी, डियर. टेक युअर टाइम. आय ॲम राइट हिअर.'

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. इतका प्रेमळ, इतका धीर देणारा माणूस, आणि तो बोलता बोलता समोरच्या बाईला बँकेचा पासवर्ड विचारत होता. संपल्यावर ब्रायन म्हणाला, 'माय गॉड, मी दिला असता.' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, 'काका, तो रोझशी बोलायचा आवाज होता.'

'मग? मला दुसरा चांगला आवाज येतच नाही,' ते म्हणाले. अख्ख्या रस्ताभर खूश होते.

व्हिडिओ तयार झाल्यावर काकांनी तो सगळ्यांत आधी दाखवला तो रोझलाच. चहा केला, चकल्या काढल्या. रोझ सोफ्यावर पुढे सरकून बघत होती. संपल्यावर तिने टाळ्या वाजवल्या, 'डॉक, यू आर अ मूव्ही स्टार!' म्हणत काकांच्या पाठीत धपाटा घातला आणि उरलेल्या चकल्या डब्यातून घरी नेल्या. सगळं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तिला काही म्हणता काही खटकलं नव्हतं.

आपल्या लोकांना मात्र खटकलं. बँकेच्या शाखांतल्या टीव्हीवर व्हिडिओ लागला, ज्येष्ठांच्या केंद्रांत काकांचं मोठं पोस्टर लागलं, फोन कानाला, चेहऱ्यावर मायाळू हसू, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'फोन ठेवा'. मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसता गदारोळ. कुणी म्हणालं, पैशासाठी काहीही. कुणी म्हणालं, बरोबर आहे, खरं ते दाखवायला लाज कसली. ओक ट्री रोडवरच्या दुकानात एका मराठी बाईंनी काकांना भाजीच्या टोपल्यांपाशी गाठलं, 'तुम्हाला शोभतं का हे या वयात?' काका म्हणाले, 'स्वेटर बरा दिसत होता की,' आणि कोथिंबीर निवडत राहिले. मी ग्रुपवर त्यांच्या बाजूने लिहायला घेतलं, मग विरुद्ध लिहायला घेतलं, मग दोन्ही पुसून फोन गादीवर फेकला.

थंडी सुरू झाली आणि एक दिवस रोझला तसाच फोन आला. अकाउंट अडकलंय, घाबरू नका, मी सांगतो तसं करा. बोलणारा फार गोड होता म्हणे. रोझने फोन ठेवला. तिच्या मुलीने कुंपणापाशी येऊन काकांचे हात हातात घेतले, 'तुमच्या व्हिडिओने माझ्या आईला वाचवलं.' काकांना इतका आनंद मी कधी झालेला पाहिला नव्हता. लगेच जाऊन पेढे आणले, अर्धे माझ्या ऑफिसात पाठवले, अर्धे स्वतः रोझकडे नेले. मला म्हणाले, 'काय नागपूर? आता बोल!' मी काय बोलणार? एक म्हातारी वाचली होती. मी म्हणत होते तशी नुसती सावली दाखवली असती तर वाचली असती का? मला नाही वाटत. मी निमूट पेढा खाल्ला.

त्या दिवशी रोझने पेढे दारातच घेतले. आभार मानले. आत ये म्हणाली नाही.

पुढच्या शनिवारी तिचा फोन आला नाही. काका म्हणाले, मुलगी आली असेल. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. 'प्रिंटर सुधारला वाटतं,' ते म्हणाले. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते सकाळी खुर्चीत बसायचे, मधूनच उठून फोन चालू आहे का ते बघायचे. एकदा मला म्हणाले, 'माझ्या नंबरवर फोन करून बघ गं, लागतो का.' मी केला. त्यांच्या हातात वाजला. 'लागतोय,' ते म्हणाले आणि परत बसले. मला रडायलाच आलं. मी म्हटलं, जाऊन विचारा नं सरळ. तर म्हणाले, 'काय विचारू? तुझा कॉम्प्युटर का बिघडत नाही, असं?'

मग एका रविवारी सकाळी भरपूर बर्फ पडलेलं होतं. काका नेहमीसारखे आपला ड्राइव्हवे साफ करून रोझचा करायला गेले, मीही फावडं घेऊन गेले. रोझ खिडकीत दिसली. हात हलवला आणि आत गेली. काका फावड्यावर हात ठेवून थांबले, आणि अचानक चालत जाऊन त्यांनी तिची बेल वाजवली. मी मागेच होते.

दार उघडलं, पण साखळी लावलेलीच. फटीतून रोझचा अर्धा चेहरा दिसत होता. बोलणं सगळं इंग्रजीत झालं, मी आपलं मराठीत सांगते.

'रोझ, माझं काही चुकलं का?' काकांनी विचारलं.

रोझचे डोळे भरून आले. 'नाही डॉक. चूक माझीच आहे. मला फार लाज वाटते. तो तू नव्हतास हे मला माहीत आहे, मी टाळ्या वाजवल्या होत्या. पण त्या दिवशी फोनवर तो माणूस गोड बोलायला लागला आणि मला तुझा चेहरा दिसला, म्हणून तर मी फोन ठेवला. आता कुणीही गोड बोललं की तूच दिसतोस. तू शेजारी बसून टेक युअर टाइम म्हणालास, तर मी काय करेन मला माहीत नाही. तुझी बायको माझी मैत्रीण होती डॉक. तरी असं होतंय. मी काय करू?'

मला वाटलं काका काहीतरी थट्टा करतील. चेहरा बदलून आणतो म्हणतील. पण त्यांनी उंबऱ्याशी साचलेलं बर्फ पायाने बाजूला सारलं. मग म्हणाले, 'तू बरोबर करते आहेस, रोझ. फोन ठेवत जा.' आणि पायऱ्या उतरले.

माझं डोकं भणभणत होतं. ब्रायनचा राग, बँकेचा राग, त्या फोनवाल्यांचा राग, आणि बिचाऱ्या रोझचासुद्धा. इतकी वर्षं ज्याने बाजूला बसून शिकवलं तो माणूस दोन मिनिटांच्या सिनेमाने पुसला जातो? की त्या सिनेमात खरंच त्याचा स्वतःचा आवाज होता म्हणून? मला काही म्हणता काही कळेना.

'काका, मी उद्याच ब्रायनला सांगते,' मी म्हटलं. 'व्हिडिओ उतरवायचा, पोस्टरं काढायची. काँट्रॅक्ट गेलं खड्ड्यात. तुम्ही फक्त एकदा सांगा, मला त्रास होतोय म्हणून. तो ऐकेल.'

'आणि मग?'

'मग काय? विसरेल ती हळूहळू.'

'विसरेल ना?' काका म्हणाले. 'आणि मग परत फोन आला, तर?'

मी फावडं बर्फात रोवलं.

'चेहरा दिसतो म्हणून फोन ठेवते ना ती? मग दिसू दे.'

'पण तुमचं काय?' मी जवळजवळ ओरडलेच. 'तुमचं काय काका?'

काका वळले. फावडं उचलून ते रोझच्या पायऱ्यांवरचं बर्फ काढायला लागले, खालच्या पायरीवर कडक झालेलं होतं ते टोकाने फोडत. वर खिडकीत पडदा अर्धवट सारून रोझ उभी होती, मला स्पष्ट दिसत होती. काकांनाही दिसली असणार. पण सगळ्या पायऱ्या साफ होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही, तिला पडदा ओढून घ्यावा लागू नये म्हणून.